केबल किती सोडली होती

प्रिय बुड्या,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच, आणि ओळखून कदाचित ते तसंच दुकानातल्या फळीवर नट-बोल्टच्या डब्यांमागे सरकवलंही असशील. तुझा राग असा मुकाट असतो, मला माहीत आहे. पण हे वाच. एका बैठकीत जमणार नसेल तर दोन बैठकींत वाच, मध्ये उठून चहा पिऊन ये, पण शेवटपर्यंत वाच. एकतीस वर्षांपूर्वी मी तुला एक गोष्ट सांगायला हवी होती आणि मी ती सांगितली नाही. ती त्या बुडालेल्या टगबद्दल, जहाजं ओढणाऱ्या त्या बोटीबद्दल आहे. जिच्यासाठी तू सहा दिवस पाण्यात उतरलास, जी तुला सापडली नाही, आणि जिच्यामुळे तू पाण्याचं तोंड पाहणं सोडलंस, तीच. आज ते सांगायचंच असं ठरवून बसले आहे. आता मी सरळ मुद्द्यावर येणाऱ्यांतली नाही हे तुला नव्याने काय सांगायचं? मशीन सुरू करायच्या आधी मी तीन वेळा पेन्सिलींना टोक काढायचे आणि तू दारात उभा राहून जांभया द्यायचास.

पत्ता आपल्या लाँचच्या कप्तानाने दिला. त्याला ऐकू कमी येतं, बोलणं मात्र तसूभरही कमी झालेलं नाही. तू पंप दुरुस्त करतोस, लग्न केलंस, मुलगी शिकून नोकरीला लागली, सगळं त्याने एका दमात सांगितलं. त्याच दमात हेही म्हणाला की मुलगी लहान असताना तिला पोहायला शिकवायला नेलं, तर तू तलावाकडे पाठ करून बाहेरच्या बाकावर बसायचास. हे सांगताना तो गदागदा हसत होता. त्याला त्यात गंमत वाटली. मला वाटली नाही.

बंदराचा तळ मोजणारी आपली लाँच आठवते? निम्म्या धक्क्याला आपण कोण ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्याला वाटायचं आपण मासे शोधून देतो. केबिन म्हणजे दोन माणसं आणि एक मशीन, तिसरं माणूस आलं तर एकाला बाहेर जावं लागे. मशीनमधून सतत कागद बाहेर यायचा, त्यावर तो काटा सर्र सर्र फिरायचा, आणि कागद जळल्याचा वास माझ्या स्वेटरला कायमचा चिकटलेला. नोकरी लागली तेव्हा मी घरी सांगितलं होतं की सोनारवर काम आहे, तर आईने पंधरा दिवस सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की मुलगी सोनाराकडे लागली. एका मावशीने बांगड्यांचं डिझाइनही पाठवलं होतं. तुला हे सांगितलं तेव्हा तू हसता हसता फ्लास्कचं झाकण पाण्यात पाडलंस आणि मग मीच ओरडले म्हणून ते काढायला उडी मारलीस. ते झाकण अजून माझ्याकडे आहे. फ्लास्क कधीच फुटला.

पहिल्याच आठवड्यात तू मला विचारलं होतंस, की अंधाऱ्या, गढूळ पाण्यात या डबड्याला दिसतं तरी कसं. मी नवीन होते, मला शिकवायची हौस होती. मी तुला वहीत आकृती काढून समजावलं. मशीन पाण्यात आवाज सोडतं. तो कशावर तरी आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं, निम्मा करायचा, आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, त्याने गुणायचं, की अंतर मिळालं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, म्हणजे हाक मारायची आणि कोण ओ देतंय ते बघायचं, एवढंच ना? माझं दोन वर्षांचं शिक्षण तू एका वाक्यात उडवून लावलंस. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. पण नंतर मी स्वतः नव्या माणसांना शिकवू लागले तेव्हा सुरुवात तुझ्याच वाक्याने करायचे, आणि हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

मग हळूहळू तूही कागद वाचायला शिकलास. बोटीच्या मागे केबलला बांधून ओढायचा तो हातभर लांबीचा लोखंडी 'मासा', त्याचे दोन्ही कुशींना जाणारे आवाज, प्रत्येक आवाजाची कागदावर एक रेघ, आणि अशा हजारो रेघा एकाखाली एक लागल्या की तळाचं चित्र. लोखंड, दगड काळे उमटतात, चिखल फिकट. वस्तूच्या मागे जिथे आवाज पोचत नाही तिथे पांढरी जागा राहते, ती तिची सावली, आणि सावली मोजली की वस्तू किती उंच ते कळतं. मी वरून वाचायचे आणि तू खाली जाऊन हात लावून यायचास. वर आल्यावर मुखवटा काढायच्या आधी हात वर करायचास. एक बोट म्हणजे कागदबाईने सांगितलं तेच निघालं. मूठ म्हणजे कागदबाई चुकली. अकरा वर्षांत मुठी तशा थोड्याच झाल्या. सगळ्यात मोठी मूठ त्या 'स्फोटकाची'. साहेबांनी दोन दिवस अख्खी वाहतूक थांबवली, वर्तमानपत्रवाले आले, आणि तू वर आलास तो हातात नळाची तोटी घेऊन. कुणीतरी आंघोळीचा टब समुद्रात टाकून दिला होता! साहेब महिनाभर माझ्याकडे बघत नव्हते. तू मात्र ती तोटी घासूनपुसून माझ्या टेबलावर ठेवलीस, आणि मला ती हलवायचा धीर झाला नाही. खरं सांगायचं तर हलवायची इच्छाच नव्हती.

आता टगवर येते. ती मोठ्या जहाजाला ओढताना कलंडली आणि बघता बघता गेली. चौघांना वर काढलं. इंजिनवाला खालीच राहिला, कारण इंजिनवाले खालीच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मासा सोडून त्या भागावरून फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीला मला ती दिसली. काळा लांबट आकार, मागे स्वच्छ सावली, सावलीत धुराड्याचा कोपराही ओळखू यावा इतकी. मी केबिनमधून ओरडले. किनाऱ्यावरच्या खुणांवरून बोटीची जागा घेतली, हिशेब केला, नकाशावर फुली मारली. पुढच्या फेरीसाठी कप्तान वळवायला लागला, बोट हळू झाली, मासा खाली बसला, तळाला अडकला आणि तुटून गेला. दुसरा मासा यायला दोन महिने लागणार होते. म्हणजे आपल्याकडे उरली ती फक्त माझी फुली. खोली मोजणारं साधं यंत्र होतं, पण ते बोटीच्या पोटाखालचंच सांगतं, आणि आपण तर फुलीवर नांगर टाकून बसलेलो.

तू सहा दिवस उतरलास. प्रवाह थांबतो तेवढे दोनच तास मिळायचे. खाली कोपराच्या पुढे स्वतःचा हात दिसत नव्हता हे तूच सांगायचास. मध्ये वजन टाकून, त्याला दोरी बांधून, दोरी धरून तू चाचपत गोल फिरायचास, मग दोरी आणखी सोडून आणखी मोठा गोल. आणि दर वेळी वर आलास की मूठ. इंजिनवाल्याची बायको धक्क्यावर एका उलट्या खोक्यावर बसलेली असायची, मांडीवर त्याचा दुसरा चष्मा. तिने तो का आणला होता ते कुणी विचारलं नाही. तू तिच्यापुढे उकिडवा बसून रोज सांगायचास, वहिनी, उद्या आणतो त्यांना. सातव्या दिवशी शोध कायमचा थांबवायचा हुकूम आला. तू तिच्यापुढे रोजच्यासारखा उकिडवा बसलास, आणि तिने तुझ्याकडे पाहिलंही नाही. मी लाँचवरून बघत होते. त्या क्षणापर्यंत मीही तुझ्याइतकीच अजाण होते, हे लक्षात ठेव. पुढचं मात्र तसं नाही.

आठव्या दिवशी स्टोअरकीपर तुटलेल्या केबलचा अर्ज भरायला आला. किती केबल पाण्यात होती, किती गेली, किती उरली, त्याला आकडा हवा होता. आपण दर दहा मीटरवर रंगीत पट्टी लावायचो. तो ड्रमशेजारी बसून पट्ट्या मोजत गेला आणि मला हाक मारून म्हणाला, बाई, मासा तुटला तेव्हा नव्वद बाहेर होती, बरोबर ना? मी हिशेब चाळीसने केला होता. बोटीची जागा आणि माशाची जागा एक नसते, केबलची लांबी वजा करावी लागते, हे मी तुला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आणि शिकवणारी मीच विसरले. झालं असं होतं की तिसऱ्या फेरीला वारा वाढला, कप्तानाने वेग वाढवला, मासा वर यायला लागला. त्याला खाली ठेवायला मी आणखी पन्नास मीटर सोडली. हात ओले होते, म्हटलं पुसून मग कागदाच्या कडेला लिहिते. तेवढ्यात चौथी फेरी सुरू झाली, मग टग दिसली, आणि मग मला दुसरं काही सुचलंच नाही. फुली पन्नास मीटर पुढे पडली. तुझा सगळ्यात मोठा गोल तीस मीटरचा होता.

तू आता हे वाचून थांबला असशील. थांब. मी इथेच आहे.

मी का बोलले नाही त्याची कारणं मी एकतीस वर्षं घासूनपुसून ठेवली आहेत, पण ती आज मांडताना मलाच त्यांची लाज वाटते. त्या वेळी वाटलं, माणूस तर गेलाच आहे, आता सांगून कोण परत येणार. आपल्या खात्यात मशीनवर बसणारी मी एकटी बाई होते, आणि मी घसरायची वाट बघणारे दोघे-तिघे तर माझ्याच मजल्यावर बसत. बाईच्या हाती मशीन दिलं की असंच, हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. मी घाबरले. एवढंच खरं. बाकी सगळी सजावट. मी स्टोअरकीपरला म्हटलं, हो, नव्वद, आणि सही केली. त्याला त्या आकड्याचं काय महत्त्व? पंधरा दिवसांनी चौकशीचा अहवाल आला. दर्शवलेल्या ठिकाणी टग आढळली नाही, अंधार आणि गाळ यांमुळे पाणबुड्याच्या लक्षातून सुटली असण्याची शक्यता आहे. हे वाक्य तू माझ्याच टेबलाशी उभा राहून वाचलंस. दोनदा वाचलंस. मग म्हणालास, असेल, माझ्या हाताखालून गेली असेल. आणि मी समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. त्यानंतर धक्क्यावर लोक काय बोलायचे ते तुझ्याही कानावर आलंच असणार, की हा घाबरला, अर्ध्यावरूनच वर यायचा. कप्तानाने एकाची गचांडी धरली होती त्यावरून. मी ती धरली नाही.

गेल्या महिन्यात खात्यातून फोन आला. आता तिथे एक तिशीतली मुलगी सर्वेक्षण बघते. मोठी हुशार, आणि माझ्यासारखी घोळ घालत बसणारी नाही. जहाजांचा रस्ता रुंद करायचा म्हणून तिने तो सगळा तळ नव्या यंत्राने मोजला. आताचं यंत्र बोटीच्या पोटालाच बसवतात, मागे ओढायचं काही नाही. एका हाकेला शेकडो दिशांनी ओ येते आणि पडद्यावर तळ रंगीत उठून दिसतो. पाण्यात आवाजाचा वेग गारव्याने, मिठाने बदलतो, म्हणून ते रोज आधी पाण्यात नळी सोडून तोही मोजतात. आपण पाठ केलेल्या आकड्यावर भागवायचो. तर तिला टग दिसली. अर्धी वाळूत, पण सरळ बसलेली. तिने जुनी कागदाची गुंडाळी शोधून काढली, माझं अक्षर पाहिलं, मला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि अगदी अदबीने विचारलं, मॅडम, त्या फेरीला केबल किती सोडली होती?

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. तू नाही, साहेबांनी नाही, चौकशीवाल्यांनी नाही. मी म्हटलं, नव्वद, आणि मी चाळीस धरली. तिच्या अहवालात एक रकाना होता, जुन्या आणि नव्या जागेतल्या फरकाचं कारण. ती माझ्याकडे न बघता म्हणाली की जुन्या यंत्राची मर्यादा असं लिहिलं तरी चालतं, सगळे तसंच लिहितात. पोर माझी अब्रू झाकत होती. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, की केबलची लांबी नोंदवली नाही, चूक नोंद घेणारीची, पाणबुड्याने शोधलेल्या जागी काहीही नव्हतं. खाली सही आणि तारीख. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

तिथून मी इंजिनवाल्याच्या बायकोकडे गेले. ती अजून त्याच रस्त्यावर राहते. खालच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान आहे, दोन मशीनं, एकावर ती आणि एकावर सून. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते. मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल, आणि तिने द्यायलाच हवं होतं. तिने मशीन थांबवलं, कापड बाजूला केलं आणि विचारलं, म्हणजे तो पाणबुड्या खरंच खालपर्यंत जात होता? मी म्हटलं, रोज. मग ती तोंडाला पदर लावून रडली. म्हणाली, मी एवढी वर्षं त्याला शिव्याशाप दिले हो. माझ्याबद्दल जे म्हणायचं ते ती नंतर म्हणाली, ते मी इथे लिहीत नाही. ते माझं आहे आणि मला पुरेसं आहे.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी टगमध्ये उतरून इंजिनवाल्याचे जे काही अवशेष असतील ते वर आणणार आहेत. सकाळी साडेसहाला बोट निघेल. उतरणारी माणसं तरुण आहेत, तुला पाण्यात जायचं नाही. पण त्याच्या बायकोने खात्यातल्या त्या मुलीला अट घातली आहे, की ज्याने मला उद्या आणतो त्यांना म्हणून सांगितलं होतं तो बोटीवर असला पाहिजे. नुसतं यासाठीच लिहायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या, आणि ते त्या मुलीनेही लिहिलं असतं. मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. नोकरी सोडून जायच्या आदल्या दिवशी तू माझ्या दारात उभा राहून विचारलंस, माझ्याबरोबर येतेस का, आणि मी नाही म्हटलं, कारण न देता दार लावून घेतलं. ज्याला टग सापडली नाही त्याला मी नाही म्हटलं, असं तुला वाटलं. असंच वाटलं ना? बुड्या, तू मला विचारावंस म्हणून मी अकरा वर्षं वाट बघत होते. पण तोवर स्टोअरकीपर पट्ट्या मोजून गेला होता, आणि रोज सकाळी उठून तुझ्या तोंडाकडे बघत ते लपवणं मला जमलं नसतं, आणि सांगणंही जमलं नसतं. तुझ्यात काहीही कमी नव्हतं. हे पत्र तुझ्या बायकोलाही वाचायला दे, तिलाही कळू दे की तिला कसा माणूस मिळाला. शुक्रवारी मी धक्क्यावर असेन. माझ्याशी एक शब्द न बोलता सरळ बोटीत चढलास तरी मला चालेल. पण ये.

हा शब्द लिहायचा हक्क मी तेव्हाच गमावला, तरी एकदा लिहू दे,
तुझीच,
कागदबाई